मुलांच्या मापाचे लाकूडकाम

श्रोतेहो, हे भाषण संपल्यावर घरातल्या घरात एक लहानसा हिशेब करून पाहा. आधी घरातली माणसे मोजा आणि त्यांत मुले किती आहेत ते पाहा. मग घरातल्या लाकडी वस्तू मोजा. पाहुण्यांसाठी खुर्ची असेल, वडीलधाऱ्यांसाठी पलंग असेल, कपड्यांसाठी कपाट असेल, देवासाठी चौरंग असेल. आता यांतली कोणती वस्तू मुलाच्या मापाची आहे, ते सांगा. बहुतेक घरांत उत्तर एकच येईल : पाळणा होता, तो माळ्यावर टाकला आहे.

शाळेतही फारसे वेगळे चित्र नसते. काही शाळांत मुले बस्कर टाकून जमिनीवर बसतात आणि वही मांडीवर घेऊन, पाठीची कमान करून लिहितात. काही शाळांत बाक आले आहेत, पण ते सगळे एकाच मापाचे. पहिलीतल्या मुलाचे पाय हवेत लोंबकळतात, तर सातवीतल्या मुलाचे गुडघे फळीला अडतात. चपला घ्यायच्या असल्या म्हणजे आपण मुलाला बरोबर दुकानात नेतो, पायात घालून चालायला लावतो, अंगठा कुठे लागतो ते दाबून पाहतो. बाक किंवा डेस्क करून घेताना मात्र मुलाला कोणी विचारीत नाही. चप्पल तास-दोन तासांची सोबतीण. बाकावर मूल दिवसाचे पाच-सहा तास, वर्षानुवर्षे बसते.

म्हणून आज सांगायचे ते एवढेच की, मुलाचे लाकडी सामान म्हणजे मोठ्यांच्या सामानाची लहान नक्कल नव्हे. ते मुलाला विचारून करायचे असते. मूल तोंडाने सांगणार नाही; त्याचे अंग सांगेल. त्याला तीन प्रश्न विचारायचे. पहिला, हे तुला बसते का? दुसरा, हे तुला उचलता येते का? आणि तिसरा, हे तू तोंडात घातलेस तर चालेल का? पहिला प्रश्न मापाचा, दुसरा लाकडाचा आणि जोडणीचा, तिसरा रंगाचा. या तीन परीक्षांना उतरेल ते मुलाचे सामान.

आपल्या वाडवडिलांना ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही. पांगुळगाडा आठवा. तीन चाके आणि धरायला एक दांडी. दांडी मुलाच्या छातीच्या उंचीवर असते, म्हणून ते स्वतःच्या पायांवर उभे राहते, पडता पडता सावरते आणि चालायला शिकते. अलीकडे मुलाला आत बसवायची चाकांची प्लॅस्टिकची गाडी निघाली आहे. तिच्यात मूल पायांच्या बोटांनी जमीन रेटीत वेगाने सुटते आणि जिन्यावरून किंवा ओट्यावरून खाली जाते. कॅनडा देशाने २००४ मध्ये अशा बैठ्या गाडीच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला जुना पांगुळगाडा या बाबतीत शहाणा म्हटला पाहिजे. पण आपले हे शहाणपण मूल चालायला लागले की संपते. पुढे त्याने मोठ्यांच्या जगात मोठ्यांच्या मापाने राहायचे.

हा विचार शाळेत आणण्याचे मोठे श्रेय मारिया माँटेसरी या इटलीतल्या डॉक्टर बाईंना द्यावे लागते. १९०७ साली रोम शहराच्या सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. जड, जमिनीला खिळलेले बाक काढून त्यांनी मुलांसाठी लहान आणि हलकी टेबले-खुर्च्या करवून घेतल्या. टेबल इतके हलके की, चार वर्षांची दोन मुले ते धरून सहज दुसरीकडे नेतील. लोक म्हणाले, मुले ती पाडतील. बाईंचे म्हणणे असे की, पडू द्या. धक्का लागून खुर्ची पडली म्हणजे आवाज होतो, आणि आपले कुठे चुकले ते मुलाला कळते. खिळलेला बाक मुलाला काहीच शिकवीत नाही.

आपल्याकडे हे काम ताराबाई मोडक यांनी खेड्यात नेले. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीचे परदेशी साहित्य खेड्याला परवडणारे नव्हते. तेव्हा या दोघींनी शंख-शिंपले, बिया, बांबू, माती अशा गावातल्याच वस्तूंतून साहित्य उभे केले. आपल्यालाही तोच रस्ता धरायचा आहे. गावचे लाकूड, गावचा सुतार आणि गावचे मूल या तिघांची गाठ घालून द्यायची आहे.

आता पहिला प्रश्न, मापाचा. खुर्ची किंवा बाक करायचा असेल तर मुलाला उभे करून टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या लवणीपर्यंतची उंची मोजा. बैठकीची उंची तेवढीच हवी. म्हणजे बसल्यावर तळवे जमिनीला पुरते टेकतात. बैठक किती खोल हवी? मूल पाठीला टेकून बसले असता बैठकीची कड आणि गुडघ्याची लवण यांत दोन-तीन बोटांची जागा राहिली पाहिजे. मग मुलाचे हात मोकळे सोडून कोपरात दुमडा. कोपर जिथे येते, जवळपास तिथेच टेबलाची फळी हवी. युरोपातल्या शाळांसाठी ठरलेल्या मानकात ९३ ते ११६ सेंटिमीटर उंचीच्या मुलाला बैठक २६ सेंटिमीटर आणि टेबल ४६ सेंटिमीटर सांगितले आहे. ११९ ते १४२ सेंटिमीटर उंचीच्या मुलाला हेच आकडे ३५ आणि ५९ असे होतात. हा फरक पाहा म्हणजे एकाच मापाचा बाक सगळ्या शाळेला का चालत नाही ते ध्यानात येईल.

पण आपल्या मुलांना मांडी घालून बसायची सवय आहे, आणि ती काही वाईट सवय नाही. वाईट आहे ती वाकून लिहायची. त्यावर स्वस्त आणि सोपा उपाय म्हणजे बैठे डेस्क. पूर्वी कुलकर्ण्याच्या आणि पेढीवरच्या दिवाणजीच्या पुढ्यात असायचे तसले, उतरत्या फळीचे. आज आपण तेच करू या.

मुलाला ताठ मांडी घालून बसवा. कोपर दुमडून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. समजा, पहिली-दुसरीच्या मुलाचे हे माप १७ सेंटिमीटर भरले. डेस्काची पुढची कड त्याहून दोन-तीन सेंटिमीटर वर, म्हणजे २० सेंटिमीटरवर ठेवावी. मग एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत रुंदी मोजा. समजा, ती ४८ भरली. डेस्काच्या दोन बगलांत त्याहून सहा सेंटिमीटर जास्त, म्हणजे ५४ सेंटिमीटर मोकळी जागा हवी; नाहीतर गुडघे आत जात नाहीत आणि मूल डेस्कापासून दूर बसून पुन्हा वाकतेच. गुडघे फळीला खालून लागत नाहीत ना, तेही पाहावे. लागत असतील तर उंची थोडी वाढवावी. मागची कड पुढच्यापेक्षा सहा सेंटिमीटर उंच ठेवावी. या उतारामुळे पुस्तक डोळ्यांच्या समोर येते आणि मान कमी वाकते; शिवाय वही घसरून खाली येण्याइतका हा उतार तीव्र नाही. माझे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या मुलाचे भरेल ते माप खरे.

दुसरा प्रश्न, उचलण्याचा. यात लाकूड आले आणि जोडणी आली. सागवान मिळाले तर उत्तमच. ते फारसे फुगत नाही आणि कीडही त्याला लवकर शिवत नाही. शिवण हलकी आणि रंधायला मऊ. आंबा स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा, पण त्याला भुंगा लागतो. म्हणून आंब्याचे ओंडके काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवून मग चिरण्याची जुनी रीत आहे. लाकडातला रस पाण्यात उतरला म्हणजे किड्याचे खाद्य कमी होते. बाभूळ बळकट, पण जड. डेस्कापेक्षा ती पायांना आणि चाकांना बरी. झाड कोणतेही असो, सालीलगतचे पांढरे लाकूड टाळून गाभ्याकडचे घ्यावे.

दोन प्रकारचे लाकूड फुकट मिळाले तरी घेऊ नका. एक म्हणजे जुन्या रेल्वेचे स्लीपर. ते कुजू नये म्हणून विषारी डांबरी तेलात मुरवलेले असतात. दुसरे म्हणजे परदेशी मालाबरोबर येणाऱ्या पेट्यांचे असे लाकूड, ज्यावर ‘एमबी’ ही इंग्रजी अक्षरे डागलेली असतात. त्यांचा अर्थ ते विषारी वायूने धुरी देऊन कीडमुक्त केले आहे. जुन्या रंगवलेल्या दारा-खिडक्यांच्या फळ्यांबद्दल पुढे सांगतो.

लाकूड वाळलेले हवे. पावसाळ्यात घराचे दार अडते आणि उन्हाळ्यात पुन्हा सैल होते, हे आपण सगळे दरवर्षी पाहतो. लाकूड हवेतली ओल पिऊन फुगते आणि ओल गेली की आकसते. यातली खुबी अशी की, लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ मुळीच नाही. तंतू ज्या दिशेने धावतात ती लांबी. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले तर निम्मे सुतारकाम समजले म्हणायचे. ओल्या फळीचे डेस्क केले तर सहा महिन्यांत सांधे ढिले होतात, फळी वाकडी होते, आणि दोष मुलाच्या दांडगाईला दिला जातो.

फळ्या सावलीत, वारा लागेल अशा जागी, एकीवर एक रचाव्यात. मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवाव्यात. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, असा सुतारांचा अंदाज असतो. पण फळी वाळली की नाही हे ओळखायची सोपी युक्ती आहे. रचलेल्या फळ्यांतली एक लहान फळी दर आठ दिवसांनी तराजूत घाला आणि वजन भिंतीवर लिहून ठेवा. वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले. शाळेत हे करून पाहिलेत तर मुलांचा विज्ञानाचा एक चांगला पाठही होईल.

आता जोडणी. डेस्काला चारच भाग लागतात : वरची फळी, दोन बगला आणि बगलांना मागच्या बाजूने बांधणारी एक आडवी पट्टी. पाऊण इंची फळी रंधून झाल्यावर सुमारे १८ मिलिमीटर राहते. तेवढी जाडी पुरे. वर घेतलेल्या मापाने वरची फळी ६४ सेंटिमीटर लांब आणि ३४ रुंद होईल. इतकी रुंद फळी सहसा मिळत नाही आणि मिळाली तरी वाकते. म्हणून दोन फळ्या कडेला कड लावून सुतारी डिंकाने जोडाव्यात. बगल खाली ३० सेंटिमीटर रुंद, पुढे २० उंच आणि मागे २६ उंच. पट्टी ५४ लांब आणि ८ रुंद.

बगलेच्या लाकडाचे तंतू उभे ठेवा, हे मुद्दाम सांगतो. वरच्या फळीचे तंतू डावीकडून उजवीकडे धावतात, म्हणजे ती पुढे-मागे फुगणार. बगलेचे तंतू उभे असले म्हणजे तीही पुढे-मागेच फुगणार. दोघी बरोबर फुगतात, बरोबर आकसतात आणि भांडत नाहीत. तंतू आडवे ठेवले तर एक फुगते आणि दुसरी अडून बसते. मग कोणीतरी एक तडकते.

बगलेच्या वरच्या कडेला दोन दाते काढावेत आणि फळीला तेवढीच भोके पाडून ते खालून वर आरपार न्यावेत. सुतार या दात्याला कूस म्हणतात. दात्याच्या टोकाला करवतीने चीर पाडून तीत लाकडाची पाचर ठोकावी म्हणजे दाता फुलतो आणि घट्ट बसतो. पाचर अशी धरावी की तिचा रेटा वरच्या फळीच्या तंतूंच्या दिशेने जाईल. आडवा रेटा गेला तर फळी उभी फाटेल. मागून पट्टी बसवल्याशिवाय काम पुरे समजू नये. तिच्यावाचून डेस्क डावी-उजवीकडे डुलते आणि सांधे झिजतात. खिळे शक्यतो नकोत. खिळा गंजतो, लाकूड आकसले की त्याचे डोके वर येते, आणि ते मुलाच्या हातालाच आधी सापडते. खिळ्याच्या जागी वाळलेल्या बांबूची खुंटी चांगली.

असे डेस्क सागवानात केले तर साडेचार-पावणेपाच किलो भरते, शिवणीत त्याहून हलके. दोन मुले ते धरून अंगणात सहज नेतील. मुलाला आपली लिहिण्याची जागा स्वतः उचलून सावलीत मांडता आली म्हणजे ती खरोखर त्याची झाली.

जोडणी झाली की कडा पाहा. वरच्या फळीच्या कडा, विशेषतः पुढची, रंध्याने आणि कानशीने गोल करा. लिहिताना मनगट तिच्यावरच टेकते. कोपरे तर मुळीच टोकदार ठेवू नका.  मग पॉलिश कागद, आधी ८० नंबरचा, मग १२०, शेवटी २२०, नेहमी तंतूंच्या दिशेने. त्यानंतर ओले फडके फिरवून फळी वाळू द्या. दबलेले तंतू पाणी लागताच उभे राहतात. ते पुन्हा बारीक कागदाने काढले म्हणजे पुढे मुलाच्या ओल्या हाताने फळी खरखरीत होत नाही. शेवटची परीक्षा जुन्या धोतराच्या तुकड्याची. तो सगळीकडे फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे कुसळ आहे, आणि जे धाग्याला लागते ते बोटाला लागणारच.

जाता जाता पाळण्याविषयीही सांगतो. कठड्याच्या दांड्यांतले अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवू नये. त्याहून मोठ्या फटीतून तान्ह्या मुलाचे अंग खाली सरकते आणि डोके अडकते. शोभेसाठी दांड्या विरळ करणारा सुतार भेटला तर त्याला ही गोष्ट समजावून सांगा.

आता तिसरा आणि सर्वांत नाजूक प्रश्न, रंगाचा. मूल हाताने जग पाहते, आणि लहान मूल तोंडानेही पाहते. पाळण्याची कड, खुर्चीची पाठ, पांगुळगाड्याची दांडी ते चावणार, चाटणार. म्हणून मुलाच्या सामानाचा रंग म्हणजे त्याच्या खाण्याचाच एक भाग समजावा.

पिवळा, नारिंगी, लाल असे भडक तेलरंग करताना शिशाचे क्षार घालण्याची रीत जगभर फार दिवस चालत आली. शिसे शरीराला कॅल्शियमसारखे भासते, म्हणून शरीर त्याला आत घेते, हाडांत साठवते, आणि ते वाढत्या मेंदूला अपाय करते. मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मुलाचे शरीर पोटात गेलेले शिसे चार-पाच पट जास्त शोषून घेते, आणि अमुक इतके शिसे चालते अशी निर्धोक मर्यादा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याचे लक्षण तापासारखे उठून दिसत नाही. मूल चिडचिड करते, त्याचे लक्ष लागत नाही, पाठ केलेले राहत नाही. आणि आपण म्हणतो, पोर मठ्ठ आहे. शिक्षकबंधू-भगिनींनो, अशा मुलाला छडी दाखवण्यापूर्वी त्याच्या घरच्या खिडकीचा रंग पोपडे धरून पडतो आहे का, हे एकदा विचारावे.

आपल्या सरकारने २०१६ मध्ये घरगुती व सजावटी रंगांतील शिशाविषयी नियम काढले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असलेल्या अशा रंगाच्या विक्रीला मनाई झाली. तेव्हा डब्यावर ही ९० ची मर्यादा छापलेली आहे का, ते वाचून घ्या. लेबल नसलेला, सुटा किंवा कोपऱ्यात पडून राहिलेला जुना डबा मुलाच्या वस्तूला वापरू नका. जुन्या रंगवलेल्या फळ्यांची गोष्ट अशीच. त्यांचा रंग कोरडा घासला किंवा जाळला तर शिशाची धूळ आणि धूर घरभर होतो. अशी फळी मुलाच्या कामी न आणणे हेच बरे.

खरे पाहता मुलाच्या सामानाला तेलरंगाची गरजच नाही. आपल्याकडे दोन जुन्या, साध्या गोष्टी आहेत : जवसाचे तेल आणि लाख.

ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो त्याचेच हे तेल. हवा लागली की ते वाळून घट्ट होते, म्हणून लाकडाला चालते. शेंगदाण्याचे किंवा खोबरेल तेल असे वाळत नाही. चिकट राहते, धूळ धरते आणि खवट होते. तेल घाण्याचे, कच्चे घ्यावे. रंगाच्या दुकानातले उकळलेले बेलतेल लवकर वाळते, पण ते लवकर वाळावे म्हणून त्यात बहुधा धातूंचे क्षार मिसळलेले असतात. फडक्याने पातळ हात द्या, अर्ध्या तासाने उरलेले तेल पुसून काढा आणि पुरते वाळू द्या. असे तीन-चार हात द्यायचे. प्रत्येक हाताला काही दिवस लागतात. घाई केली तर फळी चिकट राहते. म्हणून हे काम एप्रिल-मेच्या सुटीत करावे. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा डेस्क तयार असेल.

इथे एक धोक्याची सूचना नीट ऐका. जवसाच्या तेलाचे फडके चुरगाळून टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते. बोळ्यात ती कोंडते आणि आगपेटी न लावता फडका आपोआप पेट घेऊ शकतो. काम झाले की फडके मोकळ्या जागी दगडावर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. गवताच्या गंजीजवळ तर मुळीच नको.

दुसरी गोष्ट लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर एक बारीक किडा राहतो. त्याच्या अंगातून निघणारी राळ म्हणजे लाख. शुद्ध केलेल्या लाखेचा मुलामा औषधांच्या गोळ्यांना आणि मिठायांनाही देतात. म्हणजे ती पोटाला चालते. बांगड्यांची लाख आपण पाहतो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणाची खेळणी लाखेनेच चकाकतात. तिथला कारागीर फिरत्या चरकावर लाखेची कांडी दाबून धरतो, आणि घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते. आपल्याला चरक नको. पाव लिटर स्पिरिटात ५० ग्रॅम चपडी लाख काचेच्या बाटलीत रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा आणि कापसाच्या बोळ्याने पातळ हात द्या. असे चार हात द्या आणि मधे बारीक कागद फिरवा. हवा दमट असली तर पॉलिशवर पांढुरके सावट येते, म्हणून हे काम पावसाळ्यात करू नये. स्पिरिट विषारी आणि ज्वालाग्राही आहे. काम मोकळ्या हवेत, चुलीपासून दूर करावे, आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. स्पिरिट उडून गेले की मागे उरते ती निव्वळ लाख. लाखेत रंग मिसळायचा असेल तर मात्र तो कशाचा आहे हे विचारूनच घ्यावे. लाख निर्मळ असली म्हणजे रंग निर्मळ असतोच असे नाही.

पाणी साचून राहिले तर लाखेवर पांढरे डाग पडतात. पाटीवर ओला बोळा फिरवणाऱ्या मुलांच्या डेस्काला म्हणूनच तेल बरे. पांगुळगाड्याला, खुर्चीला आणि खेळण्यांना लाख बरी.

कोणी म्हणेल, प्रत्येक मुलाच्या मापाचे डेस्क करायचे म्हणजे शाळेचे दिवाळे निघेल. तशी गरज नाही. वर्गातल्या सगळ्या मुलांची कोपराची आणि गुडघ्यांची मापे घ्या आणि त्यांचे लहान, मधले, मोठे असे तीन गट पाडा. सरासरी मात्र काढू नका. सरासरी मापाचे डेस्क लहानाला मोठे आणि मोठ्याला लहान होते. प्रत्येक गटाचे एक माप ठरवून डेस्काच्या बगलेवर एक, दोन किंवा तीन खुणा कोरा. दरवर्षी जूनमध्ये मुलांना पुन्हा मोजा. जो वाढला तो पुढच्या खुणेच्या डेस्कावर जाईल आणि त्याचे डेस्क मागून येणाऱ्याला मिळेल. मापे मुलांनीच एकमेकांची घ्यावीत, तक्ता त्यांनीच करावा. यात गणित आले आणि शरीराची ओळखही आली.

आणि सुतार? बारा बलुतेदारांतला हा माणूस. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी, सगळे त्याच्या हातचे असे. लोखंडी अवजारे आली, ट्रॅक्टर आला, आणि त्याचा वाकस कोनाड्यात पडला. त्याच्या हातात कसब आहे. पण मुलाचे माप कसे घ्यायचे आणि शिशाचा रंग का नको, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. ते शिक्षकाने सांगावे. आणि फळी फाटू नये म्हणून पाचर कशी ठोकायची ते सुताराने शिक्षकाला शिकवावे. पहिले एकच डेस्क करून घ्या. चार मुलांना आठ-आठ दिवस वापरू द्या. कुठे टोचते, कुठे अडते ते पाहा. मग बाकीची करा. शहरातून एकदम पन्नास बाक मागवण्यापेक्षा हे सावकाशीचे काम अधिक टिकाऊ ठरेल, आणि पैसा गावातच राहील.

तेव्हा श्रोतेहो, उद्या सकाळी टेप नसली तरी सुतळीचा एक तुकडा घ्या. घरातल्या लहानग्याला भिंतीशी ताठ मांडी घालून बसवा आणि कोपरापर्यंतचे माप घेऊन सुतळीला गाठ मारा. ती गाठ घेऊन सुताराकडे जा. पुढचे काम त्याच्या ओळखीचे आहे.